फोनोग्राफ म्हणजे ग्रामोफोन नव्हे

‘एडिसनने ग्रामोफोनचा शोध लावला.’ हे वाक्य पुन्हा एकदा वाचनात आलं आणि आता लिहायलाच हवं असं वाटलं.

एडिसनने १८७७ मध्ये बनवला तो फोनोग्राफ. ग्रामोफोन एमिल बर्लिनरचा, १८८७ चा. दोन्ही शब्दांत ‘आवाज’ आणि ‘लिहिणं’ हीच ग्रीक मुळं आहेत, नुसती मागेपुढे झालेली. गल्लत होणं साहजिक आहे. पण हा फरक ‘एकात नळकांडं, दुसऱ्यात तबकडी’ एवढ्यावरच आटोपला जातो, याचं मला जास्त वाईट वाटतं.

फोनोग्राफ ऐकायचा आणि बोलायचाही. नळकांड्यावर कथलाचा पातळ पत्रा गुंडाळलेला. दांडा फिरवत त्यात बोललं की सुई पत्र्यावर खोल-उथळ ठसे उमटवायची, आणि त्याच ठशांवरून सुई पुन्हा फिरली की आपलाच आवाज परत यायचा! पुढे पत्र्याची जागा मेणाने घेतली, तरी आवाज भरायची सोय राहिली. १८७८ मध्ये एडिसनने या यंत्राचे उपयोग लिहून काढले. पहिला पत्रांचा मजकूर सांगणं, दुसरा अंधांसाठी बोलकी पुस्तकं. संगीत चौथं. त्याच्या पाठोपाठ घरच्यांचे आवाज, अगदी मरणाऱ्याचे शेवटचे शब्दसुद्धा, जपून ठेवणं.

ग्रामोफोन घरी आणला तर तो फक्त ऐकवायचा. बर्लिनरची सुई खाली-वर नाही, डावी-उजवीकडे हलायची. मूळ तबकडीवरून धातूचा ठसा काढला की हव्या तेवढ्या तबकड्या दाबून काढता यायच्या. सुरुवातीच्या नळकांड्यांसाठी गायकाला तेच गाणं पुन्हापुन्हा गावं लागे, म्हणून तबकडी जिंकली यात नवल नाही. जुने आवाज आपल्यापर्यंत पोचले ते बरेचसे तिच्यामुळेच, हेही मान्य. पण तबकडी विकत घेणारा माणूस नुसता श्रोता झाला. स्वतःचा आवाज भरणं पुन्हा घरोघरी आलं ते टेपरेकॉर्डरबरोबर. दोन्ही यंत्रांना एकच नाव दिलं की मधे काय हातचं गेलं होतं, हेच दिसेनासं होतं.

अमेरिकेत तबकडीच्या यंत्रालाही पुढे फोनोग्राफच म्हणत, ब्रिटनमध्ये ग्रामोफोन रूढ झाला. रोजच्या बोलण्यात कुणी काहीही म्हणो, माझी हरकत नाही. पण पाठ्यपुस्तकात किंवा संग्रहालयातल्या पाटीवर एडिसनच्या नावापुढे ग्रामोफोन दिसला, तर त्यांना जरूर लिहून कळवा. मी कळवत असतो.