कोरडी स्टिक, भरलेली टाकी: ९११ च्या तेलावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पोर्श ९११ चे तेल इंजिन चालू ठेवून तपासा, २०डब्ल्यू-५० वापरा आणि अर्ध्या-अर्ध्या लिटरने घाला, या माझ्या सल्ल्यावरची तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली असली तरी आक्षेप नेमके आहेत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे म्हणणे थोडक्यात असे. इंजिन चालू ठेवून तेल तपासायला सांगणे म्हणजे लोकांच्या गाड्यांची वाट लावणे. २०डब्ल्यू-५० हे अँबॅसिडरच्या जमान्यातले तेल, आता ५डब्ल्यू-३० सिंथेटिकच घालायचे. आणि अर्ध्या-अर्ध्या लिटरने टॉप-अप करणे ही नुसती कटकट. पुरावा म्हणून भाच्याची १९८६ ची ९११ कॅरेरा ३.२ दिली आहे: सकाळी थंड गाडीची तेल मोजायची स्टिक कोरडी निघाली, लगेच दोन लिटर घातले, 'म्हणून गाडी वाचली'. पण शेवटी जाता जाता तुम्हीच लिहिले आहे की तेव्हापासून गाडी निळा धूर सोडते. सगळे उत्तर त्या धुरात आहे.

तुम्ही बेळगावच्या उद्यमबागेत क्रँकशाफ्टचे ग्राइंडिंग करता, तेव्हा क्रँकपासूनच सुरुवात करू. स्विफ्टमध्ये किंवा बोलेरोत सगळे तेल क्रँकच्या खालच्या चेंबरमध्ये असते आणि स्टिकही त्याच चेंबरमध्ये बुडते. इंजिन चालू असताना बरेचसे तेल वर हेडमध्ये आणि गॅलरीत (तेलाच्या आतल्या वाटांत) असते, म्हणून बंद करून पाच-दहा मिनिटे थांबायचे आणि मग मोजायचे. तुमचा नियम तिथे शंभर टक्के बरोबर आहे. तेल जास्त झाले की क्रँकची काउंटरवेट त्यात आपटतात, फेस होतो, पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि जर्नल, म्हणजे क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, खराब होतात. ते जर्नल शेवटी तुमच्याकडेच येतात, त्यामुळे ते मी तुम्हाला सांगायला नको.

हवेवर थंड होणाऱ्या ९११ मध्ये रचनाच वेगळी आहे. तेलाची टाकी स्वतंत्र, उजव्या मागच्या चाकाजवळ, फेंडरच्या आत. पंपाचे भाग दोन. एक चेंबरमधले तेल उपसून टाकीत पाठवतो, दुसरा टाकीतले तेल दाबाने बेअरिंगला देतो. उपसणारा भाग मुद्दाम मोठा ठेवलेला असतो, त्यामुळे इंजिन चालू असताना चेंबर जवळजवळ रिकामे राहते आणि क्रँक तेलात आपटतच नाही. स्टिक बुडते ती चेंबरमध्ये नव्हे, टाकीत.

आता गाडी रात्रभर उभी ठेवली की काय होते ते बघा की. टाकीतले तेल पंपाच्या बारीक फटींतून हळूहळू चेंबरमध्ये उतरते. संपूर्ण यंत्रणेत सुमारे १३ लिटर तेल असते, त्यातले कितीतरी सकाळपर्यंत खाली आलेले असते. टाकीची पातळी स्टिकच्या टोकाखाली जाते आणि स्टिक कोरडी निघते. तेल कुठे गेलेले नसते, फक्त जागा बदललेली असते. त्यावर भाच्याने दोन लिटर ओतले. इंजिन सुरू झाल्यावर पंपाने चेंबरमधले सगळे तेल पुन्हा टाकीत नेऊन टाकले आणि टाकी गच्च भरली. जास्तीचे तेल ब्रीदरच्या (टाकीतली हवा-वाफ बाहेर सोडणाऱ्या) पाइपमधून एअर फिल्टरच्या डब्यात, तिथून इनटेकमध्ये आणि पुढे सिलिंडरमध्ये गेले. तोच निळा धूर.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. या इंजिनाचे सिलिंडर आडवे असतात. गाडी बरेच दिवस किंवा उतारावर उभी राहिली तर थोडे तेल रिंगांवरून आत झिरपते आणि सुरू करताना धुराचा एक लोट निघतो. तो थोड्या वेळात थांबला तर काळजी नको. गरम झाल्यावरही धूर येत राहिला तर एअर फिल्टरचा डबा उघडून बघायचा.

तपासायची रीत अशी. आधी तेल खरोखर गरम व्हायला हवे, तेलाच्या तापमानाचा काटा ८०–९० अंशांच्या आसपास. कॅम्पातून बाजारात एक फेरी मारून तेवढे होत नाही. खानापूर रस्त्याने मच्छे गावाच्या पुढे जाऊन परत आलात तर होते, पावसाळ्यात आणखी थोडे पुढे जावे लागते. गाडी सपाट जागी उभी करा. पेट्रोल पंपाच्या आवारात मोजू नका, पाणी वाहून जावे म्हणून तिथली फरशी उताराची असते. घराजवळची एक सपाट जागा ठरवा आणि दर वेळी तिथेच मोजा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, इंजिन आयडलवर. दोन-तीन मिनिटे तसेच चालू द्या. मग मागचे झाकण उघडून उजव्या बाजूचे तेलाचे झाकण काढा.

झाकण काढताच आयडल डगमगेल, कधी गाडी बंद पडायला येईल. घाबरू नका, क्रँककेसमध्ये, म्हणजे त्या चेंबरमध्ये, बाहेरची हवा शिरल्याचा तो परिणाम आहे. उलट काहीच फरक पडला नाही तर झाकणाचे रबर गेले आहे का आणि हवा आणखी कुठून शिरते आहे का ते शोधा. स्टिक पुसायला गॅरेजमधले कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचे धागे टाकीत जातात. जुन्या बनियनचे स्वच्छ फडके उत्तम. फॅनचा बेल्ट हाताजवळच फिरत असतो. ओढणी, उपरणे, लांब बाही त्या बाजूला फिरकूही नयेत. इंजिन चालू ठेवण्यात धोका असेल तर तो हा.

स्टिकवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेत दीड ते दोन लिटरचे अंतर आहे. पातळी दोन खुणांच्या मध्ये असली की पुरे. वरच्या खुणेला टेकवायचा हट्ट कशाला हो? अर्ध्या लिटरची 'कटकट' इथेच कामाला येते: लांब मानेच्या नरसाळ्याने अर्धा लिटर घाला, मिनिटभर थांबा, पुन्हा मोजा. कमी पडले तर आणखी घालता येते, जास्तीचे काढायला गाडीखाली शिरावे लागते.

डॅशवर सर्वात डावीकडच्या डायलमध्ये पेट्रोलच्या काट्यासोबत तेलाच्या पातळीचाही काटा आहे. तोही फक्त गरम, आयडलवरच्या, सपाट जागच्या गाडीतच खरे सांगतो. गाडी धावताना तो तळाला जातो. चोर्ला घाटाच्या वळणांवर तो शून्यावर गेला म्हणून कुणी गाडी थांबवून लिटरभर तेल ओतू नये. धावताना लक्ष ठेवायचे ते शेजारच्या डायलमधल्या तेलाच्या दाबावर आणि तापमानावर. गरम इंजिनात साधारण दर १००० आरपीएमला १ बार हा ढोबळ हिशेब. आयडलला काटा १ च्या खाली आला तरी लगेच घाबरायचे नाही.

आता ५डब्ल्यू-३०. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा. ५डब्ल्यू तेलाची स्टार्टिंगची चाचणी उणे ३० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. बेळगावात डिसेंबरच्या पहाटे स्वेटर लागतो, एवढेच. इथे महत्त्वाचा आकडा दुसरा, गरम तेलाच्या घट्टपणाचा. १०० अंशांना ३० ग्रेडच्या तेलाचा घट्टपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ५० ग्रेडचा १६.३ ते २१.९. या इंजिनाला पाण्याचा रेडिएटर नाही, बरीचशी उष्णता तेलच वाहून नेते. घाटात आणि ट्रॅफिकमध्ये तेल शंभरीच्या वर सहज जाते आणि तेव्हा हा फरक बेअरिंगला कळतो. शिवाय व्हॉल्व्ह उघडणारा रॉकर थेट कॅमवर घासत फिरतो, त्याला झिंक-फॉस्फरसचे संरक्षण लागते. एपीआय एसएन या तेलाच्या दर्जात ३० ग्रेडच्या तेलांना फॉस्फरसची ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे, २०डब्ल्यू-५० आणि १५डब्ल्यू-५० ला ती नाही. सिंथेटिकला माझा विरोध नाही. १५डब्ल्यू-५० सिंथेटिक खुशाल घाला. फक्त जुनी ओरिंग आणि सील असलेल्या इंजिनात पातळ तेल आधी बाहेरची वाट शोधते, विशेषतः खालच्या बाजूच्या तेल परत चेंबरमध्ये आणणाऱ्या चार रिटर्न ट्यूबांपाशी. ते हीटरच्या गरम खोक्यांवर ठिबकले की जळका वास केबिनमध्ये येतो.

हा सगळा खटाटोप १९९८ पर्यंतच्या, हवेवर थंड होणाऱ्या ९११ पुरताच. पाण्यावर थंड होणाऱ्या सुरुवातीच्या बॉक्स्टरला तो लावू नका. तिथे इंजिन सुरू करण्यापूर्वी इग्निशन चालू करून डिस्प्लेवर पातळी बघतात. आणि कुणाकडे १९७२ ची ९११ असेल तर तिची टाकी चाकाच्या पुढे असून तेल घालायला उजव्या बाजूला बाहेरून झाकण आहे. पेट्रोल पंपावरची माणसे त्यातच पेट्रोल ओतू लागली, म्हणून ती सोय पुढच्याच वर्षी काढून टाकली. तशी गाडी असेल तर पंपावर स्वतः उतरून उभे राहा.

भाच्याच्या गाडीचे आता काय करायचे ते सांगतो. हे होईपर्यंत गाडी चालवू नये. रात्रभर उभी राहिली की तेल चेंबरमध्ये उतरलेले असेल, त्याचा फायदा घ्या. सकाळी थंड असताना मोठे, अगदी स्वच्छ भांडे खाली ठेवून चेंबरचा ड्रेन प्लग उघडा. भांडे लहान घेऊ नका, बरेच लिटर येईल. त्यातले दीड लिटर मापाने बाजूला काढा, प्लगला नवा अ‍ॅल्युमिनियमचा वायसर लावा आणि उरलेले तेल गाळून टाकीत परत घाला. प्लग आवळताना जोर करू नका, केस अ‍ॅल्युमिनियमची आहे, आटे गेले तर काम वाढते. एअर फिल्टर तेलाने भिजला असेल तर बदला, डबा आणि ब्रीदरचा पाइप पुसून घ्या. मग मच्छेची फेरी, आणि वर लिहिल्याप्रमाणे मोजणे. इनटेकमध्ये राहिलेले तेल जळेपर्यंत थोडा धूर येईलच. नंतरही थांबला नाही तर गरम आयडलचा दाब, तापमान आणि स्टिकवरची पातळी इथे लिहा. हजार किलोमीटरला किती तेल लागते तेही लिहा. दीड लिटरपर्यंत कंपनीच्याच हिशेबात बसते, त्याच्या वर गेले तर व्हॉल्व्ह गाइड आणि रिंगांकडे बघावे लागेल.