पंचाहत्तरचा पिस्टन आणि चुन्याचं बोट

काल कुडाळात एका गृहस्थांनी माझ्या येझदी मोटरसायकलच्या ताज्या बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चुन्याचं बोट पुसलं. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

गाडी काकांची, रोडकिंग. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला आणि पुढे काकांचे गुडघेही. तेव्हापासून ती मांगरात झावळ्यांखाली उभी होती. खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाळी ओलीने आतून जे करायचं ते केलं. मूळ बोअरचा व्यास ६५ मिलिमीटर. त्यात पन्नासचा पिस्टन, म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठा, काकांनी आधीच घालून घेतला होता. आता बोअर आणखी मोठा करून पंचाहत्तरचा हवा. तो नाही तर शंभरचा, आणि त्यापुढे स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळीच बसवायची. आमच्या सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याचं कुणाला काही नाही. मी मात्र पाऊण मिलिमीटरसाठी दारोदार फिरलो.

लेथवाल्या मिस्त्रींचा नियम कडक. "आधी पिस्टन आण. तो मोजणार, क्लिअरन्सची फट धरणार, मग बोअर मारणार. बोअर मारून पिस्टन शोधत फिरायचं नसतं." बरोबरच आहे. पण पिस्टन कुठे आहे? एका काउंटरवरच्या पोराने विचारलं, "येझदी ना? बावीसचं मॉडेल की नंतरचं?" २०२२ साली नव्याने आली ती फोर स्ट्रोक, ३३४ सीसी. माझी टू स्ट्रोक, २५० ची. दोघींमध्ये टाकीवरचं नाव तेवढं सारखं. दुसऱ्याने विचारलं, "ओरिजिनल पाहिजे की ओरिजिनलसारखा?" आणि बाकी सगळ्यांचं एकच उत्तर: कोल्हापूर. उद्यमनगरात सगळं मिळतं. कोकणात कुणालाही काहीही विचारा, ते घाट चढून गेल्यावरच मिळतं.

मिळाला एकदाचा. ओरिजिनलसारखाच. मिस्त्रींनी बोअर मारला, पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या, धारा मोडल्या, होनिंग केलं. आत बारीक तिरक्या रेघांची जाळी उमटली. त्या रेघांत तेल टिकतं, म्हणून त्या जपायच्या. सिलिंडर बाकावर ठेवून मिस्त्री फोन घ्यायला बाहेर गेले. बाकावर अण्णा होते.

अण्णा म्हणजे गिऱ्हाईक नव्हेत. बागेतल्या पंपाचा शाफ्ट घेऊन ते कधीतरी आले, शाफ्ट झाला, घरी गेला, अण्णा राहिले. रोज पानाची चंची घेऊन येतात आणि दुसऱ्यांच्या इंजिनांवर मत देतात. मिस्त्री त्यांना उठवत नाहीत, कारण अण्णा त्यांच्या सासुरवाडीकडचे.

"ह्या काय ता?"

"सिलिंडर, अण्णा. येझदीचा."

"माज्या मेवण्याकडे होती येझदी. एक सिलिंडर आणि सायलेन्सर दोन! तेतूरच सगळा इला."

यावर काय बोलणार? खरोखरच एका सिलिंडरला दोन सायलेन्सर असतात.

"पिस्टन खयसून हाडलंस?" मी सांगितलं. किंमतही सांगितली. अण्णांनी पान लावायचं थांबवलं. "मेल्या, तेवढ्यात बोकड इलो आसतो. माज्या भाच्याकडे होडयेची आउटबोर्ड मोटार असा मालवणात. तेचो पिस्टन जरा घासलंस काय बसतलो."

"अण्णा, रिंगांची टोकं पोर्टमध्ये अडकू नयेत म्हणून खाचेत पिना असतात. घासून कसं चालेल?"

"पिना काडून टाकूच्यो."

असं सगळं सोपं. मेवण्याची गाडी शेवटी कुणी नेली, ती नेणाऱ्याची सून कशी निघाली, त्या सुनेच्या माहेरच्या काजूंना यंदा काय भाव आला, इथवर आम्ही पोचलो. बोलता बोलता पान तयार झालं. बोटाला चुना उरला. पान खाणाऱ्या माणसाला उरलेल्या चुन्यासाठी खांब लागतो, भिंत लागते, एसटीची सीट लागते. अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बोट सिलिंडरमध्ये घालून गोल फिरवलं.

"अण्णा! आत्ताच होनिंग केलंय त्यात!"

"माका म्हायत असा. म्हणानच. चुनो लावलो काय गंज येणा नाय."

मिस्त्री परत आले. त्यांनी काही न बोलता सिलिंडर रॉकेलने धुतला, पुसला, तेल लावलं. बिलात 'धुलाई' अशी एक ओळ वाढली. माझ्या बिलात. अण्णांच्या नावावर तिथे काही मांडलंच जात नाही.

मला अण्णांपेक्षा जास्त चीड दुसऱ्यांची येते. गाडी मांगरातून बाहेर काढली तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबून फोटो काढत होती. "ठेवा हं, विकू नका, आता अशा गाड्या होणे नाही." ठेवतो ना! पण भारी माल शहरातले शौकीन आधीच उचलून कपाटात ठेवतात, भाव चढवतात, आणि गाडी रोज चालवू बघणाऱ्याला ओरिजिनलसारखा मिळतो. जपा म्हणणारे शंभर भेटले. त्यांतल्या एकाच्याही खिशात एक रिंग नव्हती.

सिलिंडर पिशवीत घातला, पिस्टनचं खोकं उघडून मिस्त्रींपुढे धरलं. पिस्टन होता, रिंगा होत्या, पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी गजन पिन होती. पिनेचे लॉक नव्हते.

"ते वेगळे घ्यावे लागतात," मिस्त्री म्हणाले.

"कुठे?"

अण्णांनी पिंक टाकली. "कोल्लापुराक."