खुलासा : हवामान अंदाजातला आकडा ही कमाल मर्यादा नव्हे

शिडाच्या बोटीने खोल समुद्रात जाणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय : ‘अ‍ॅपवर वारा २० नॉट (ताशी सागरी मैल) आणि लाट २ मीटर दिसली, तर त्याहून जास्त काही वाट्याला येत नाही. बिनधास्त निघा.’ हे साफ चूक आहे.

अंदाजातला वारा हा सरासरी असतो, तोही १० मीटर उंचीवरचा. झोत त्याहून ४० टक्क्यांपर्यंत जोरदार येऊ शकतात, म्हणजे २० चे २८. शिडावरचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे अशा झोतात तो जवळजवळ दुप्पट होतो. लाटेची उंचीसुद्धा सगळ्यांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी दुप्पट उंचीचीही येते. त्यात वारा प्रवाहाच्या उलट असला की लाटा आखूड, उभ्या होऊन फुटायला लागतात. अ‍ॅपवरच्या त्या एका आकड्यात यातलं काही दिसत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या १९९८ च्या सिडनी-होबार्ट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत ६ जण दगावले. वादळाचा इशारा दिलेला होता, पण अंदाजातला वारा म्हणजे सरासरी, हे अनेक अनुभवी खलाशांनाही ठाऊक नव्हतं, असं चौकशीत पुढे आलं. आता ऑस्ट्रेलियाच्या सागरी अंदाजात झोतांची आणि लाटांची ही सूचना स्पष्ट छापलेली असते. (ती कितीजण वाचतात, देव जाणे.)

हवामानाचा अंदाज काढणारी दोन वेगळी संगणकीय मॉडेलं जुळत नसतील, तर त्यातलं सोयीचं निवडू नका, थांबा. परतीचं तिकीट काढून ठेवलंय म्हणून निघणं हा तर हवामानाचा निर्णयच नव्हे.