ठासणीची नळी फोटोवरून घेता येते, म्हणे!

जुन्या ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या बंदुकांचा नाद असलेल्यांत एक सल्ला सारखा फिरत असतो. काळ्या दारूचा दाब मुळातच कमी, म्हणून वापरलेली नळी ऑनलाइन घ्यायला भ्यायचं कारण नाही. तोंडाकडून आत चकाकी दिसतेय, बाहेरून गंज नाही, नळी दाबाच्या परीक्षेत उतरल्याचे शिक्के आहेत आणि विकणाऱ्याने दोन-चार बार काढून बघितलेत, एवढं झालं की पैसे भरा. मीही एकदा हा सल्ला मानला होता.

चकाकीपासून सुरू करतो, कारण बहुतेक जण फसतात ते तिथेच.

मागून भरायच्या बंदुकीची नळी उजेडाकडे धरली की आरपार दिसते. ठासणीची नळी मागच्या बाजूने ब्रीच प्लगने, म्हणजे आट्यांच्या बुचाने, बंद असते. तोंडाकडून काढलेल्या फोटोत फार तर पहिले दोन-तीन इंच दिसतात. दारू जळते ती दुसऱ्या टोकाला. काळ्या दारूत साधारण 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक असतो, आणि जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन रूपात उरतो. थोडा धुरातून उडतो, बाकीचा नळीत चिकटतो. हा मळ हवेतला ओलावा ओढून घेतो. पुसणाऱ्याने घाई केली की तो तळाशी, प्लगच्या सांध्यात ठाण मांडतो आणि लोखंड खायला लागतो. पर्क्लोरेटवाली पर्यायी दारू वापरली असेल तर मागे क्लोराइड उरतं, मिठाचाच भाऊबंद. त्याने धरलेला गंज वरवर तेल लावून थांबत नाही.

माझ्या नळीच्या जाहिरातीत 'आतून आरसा' असं लिहिलं होतं. घरी आल्यावर ठासायच्या गजाला घट्ट चिंधी लावून आत सारली. बऱ्याच अंतरापर्यंत गज लोण्यातून गेल्यासारखा गेला. तळ वीतभर राहिला असताना हात एकदम सैल पडला, क्षणभर वाटलं चिंधीच सुटली. दोन बोटं पुढे गेल्यावर खरखर सुरू झाली. चिंधी बाहेर काढली तर धागे उपसलेले आणि कडेला तांबूस पूड. सैल पडला तिथे फुगवटा, खरखरला तिथे खड्डे. तोंडाकडचा आरसा मात्र खरा होता, त्याबाबत तक्रार नाही.

म्हणून आता फोटो मागतच नाही. घट्ट चिंधीचा गज तोंडापासून तळापर्यंत सावकाश नेताना आवाजासकट व्हिडिओ मागतो, आणि तोही कोरड्या नळीत. तेलाने खड्डे बुजल्यासारखे दिसतात. फोनला जोडायचे 5.5 मिलिमीटरचे कॅमेरे मिळतात. .50 कॅलिबरची नळी आतून 12.7 मिलिमीटरची, तेव्हा कॅमेरा आरामात तळापर्यंत जातो. फक्त त्याला बाजूला बघणारा आरसा लावायला सांगा. नुसतं समोर बघणाऱ्या कॅमेऱ्यात भिंतीवरचे खड्डे तिरपे दिसून लपतात.

बाहेरून गंज नाही, हा दुसरा मुद्दा. शंभर वर्षांच्या नळीवर एकसारखा ताजा काळा रंग दिसला की मला उलट धास्ती वाटते. गोळी दारूला न टेकता मधेच अडकलेली असताना बार काढला, तर नळी त्या जागी कड्यासारखी फुगते. ही फुगलेली कड बाहेरून कानशीने उतरवून वर रंग चढवता येतो, आणि मग तिथली भिंत उलट जास्तच पातळ होते. अष्टकोनी नळीच्या प्रत्येक पैलूवर पोलादी पट्टी उभी धरून मागून उजेड टाकायला सांगा. फटीतून उजेड आला की काय ते कळतं. खालच्या बाजूचा फोटो तर कोणी आपणहून देतच नाही. नळी लाकडी दस्त्यात अडकवायच्या खाचा तिथेच कापलेल्या असतात, आणि हौशी माणसाने खाच जरा जास्त खोल घेतली तर खाली किती लोखंड उरलं हे वरून कळायचा मार्ग नाही. नळी दस्त्यातून काढायला विकणारा तयार नसेल तर मी तिथेच विषय संपवतो.

दाब कमी, हे आजच्या धूरविरहित दारूच्या तुलनेत खरं आहे. पण जड भरणीत काळ्या दारूचा दाबही दर चौरस इंचाला दहा हजार पौंडांवर जातो. तो पेलायची ताकद धड नळीत असते, खड्ड्यांनी खाल्लेल्या नळीत तिचा भरवसा नाही. शिवाय खड्ड्यात धुमसता कण अडकून राहिला आणि वरून पुढच्या बाराची दारू ओतली तर ती ओतताना, तोंडावर हात असतानाच पेटू शकते. याचा दाबाशी संबंधच नाही. आणि आधीच्या मालकाने कधी धूरविरहित दारू भरून बघितली होती का, हे जाहिरातीत कोण लिहिणार?

दोन-चार बार निघाले याचा अर्थ दोन-चार बार निघाले. नळीत चीर असेल तर ती प्रत्येक बाराला थोडी थोडी वाढते.

शिक्क्यांबद्दल मला आदर आहे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला 1637 साली सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं परीक्षागृह 1813 चं, आणि इटलीतल्या गार्दोनेमध्ये परीक्षा झालेल्या, जुन्या बंदुकांच्या नव्या प्रतिकृतींवर वर्षाची खूणही सापडते. पण शिक्का सांगतो ते त्या दिवसापुरतं. नंतर कोणी नळी आतून मोठी केली, आखूड केली किंवा बत्तीचं भोक, म्हणजे आतल्या दारूला आग पोचवणारं छिद्र, नव्याने पाडलं, तरी जुना शिक्का तसाच दिमाखात बसलेला असतो. शिक्क्यावर लिहिलेलं कॅलिबर आणि तोंडाशी कॅलिपरने घेतलेलं माप जुळत नसेल तर आधी त्याचं कारण विचारा.

या सल्ल्यात एक गोष्ट मुळात नाहीच, आणि मला तीच जास्त खटकते: नळी रिकामी आहे का? जुन्या ठासणीच्या नळ्या कित्येकदा भरलेल्याच सापडतात. गज आत टेकवून तोंडाशी खूण करायची, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. टोक बत्तीच्या भोकापर्यंत आलं पाहिजे. काही नळ्यांना तळाशी अरुंद कप्पा असतो, तिथे गज जरा आधी अडतो. पण दोन-तीन इंचांचा फरक असेल तर आत काहीतरी आहे असंच धरून चाला, आणि जाणकाराने रिकामी करेपर्यंत ती पाठवूच नका म्हणावं.

माझ्या नळीचा प्लग शेवटी एका जुन्या कारागिराने उघडून दिला. आतल्या टोकाकडच्या तीन आट्यांच्या जागी काळपट पूड होती, नख लावलं की गळणारी. बत्तीचं भोक बुजवून ती आता भिंतीवर टांगली आहे. तोंडाकडून बघणारे अजून म्हणतात, काय चकाकतेय!