बोटभर फ्रेंच

फ्रेंच पद्धतीच्या पेस्ट्रीच्या दुकानात शिरणाऱ्या माणसाची पहिली परीक्षा खिशाची नसून जिभेची असते, आणि तीही चवीसाठी नव्हे. काचेच्या कपाटात प्रत्येक पदार्थापुढे एक चिमुकली पाटी उभी असते. तिच्यावरच्या अक्षरांपैकी कोणती उच्चारायची आणि कोणती नुसती शोभेसाठी बसवली आहेत, याचा अंदाज रांगेत उभे असतानाच बांधावा लागतो. घरी पाहुणे येणार होते, ‘येताना काहीतरी वेगळं आणा’ एवढीच आज्ञा होती, आणि रांगेत माझा क्रमांक पाचवा होता. तालमीला वेळ पुरेसा होता, म्हणून मी मनातल्या मनात ‘क्रॉइसंट, क्रॉइसंट’ असा जप चालवला होता. इतक्यात माझ्या पुढच्या गृहस्थांनी घशाच्या तळातून असा काही आवाज काढला, की त्यांना ठसका लागला असे समजून मी पाणी मागवणार होतो. प्रत्यक्षात त्यांनी दोन क्र्वासाँ मागितले होते.

माझ्या चेहऱ्यावरचे अज्ञान त्यांनी अचूक हेरले. ते एकदा चार दिवस पॅरिसला जाऊन आले होते. (चार दिवस राहून आलेला माणूस तिथे चाळीस वर्षे राहिलेल्यापेक्षा नेहमीच जास्त बोलतो.) क्र्वासाँ म्हणजे चंद्रकोर, एक्लेअर म्हणजे वीज, ते मधे भोक असलेले कडे म्हणजे पॅरिस-ब्रेस्त, १८९१ मध्ये सुरू झालेल्या सायकल शर्यतीच्या सन्मानार्थ लुई द्युराँ नावाच्या पेस्ट्रीवाल्याने १९१० मध्ये ते सायकलच्या चाकासारखे घडवले, हे सगळे त्यांनी मला ऐकवले. ‘हे खरं पॅरिसचं हो,’ असे क्र्वासाँकडे पाहत ते म्हणाले, तेव्हा मी भाविकपणे मान डोलावली. त्या पदार्थाचा पूर्वज व्हिएन्नाचा असून ऑगस्ट झांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसाच्या बेकरीने १८३०च्या दशकाच्या अखेरीस त्याला पॅरिसमध्ये लोकप्रिय केले, हे मला रात्री वाचताना कळले. बिनतोड उत्तरे मला नेहमी रात्रीच सुचतात.

माझा नंबर आला तोवर क्रॉइसंटवरचा माझा विश्वास उडाला होता. दुसरे काही मागावे म्हणून मी शेजारच्या गोल, फुगीर, वरून साखर भुरभुरवलेल्या गोळ्यांकडे पाहिले आणि त्यांचे नाव विचारले. काउंटरमागची मुलगी अत्यंत गोड आवाजात म्हणाली, ‘शू, सर.’

आता या शब्दाचा फ्रेंच अर्थ कोबी असा आहे आणि गोळ्याच्या आकारावरून तो पडला आहे, हे मला मान्य आहे. भट्टीत आतल्या पाण्याची वाफ होते, ती पीठ फुगवते आणि मधे पोकळी सोडते, आणि त्या पोकळीत मग क्रीम भरतात, ही युक्तीही मला कौतुकास्पद वाटते. परंतु ज्या भाषेत हा शब्द लहानपणी वर्गात करंगळी वर करूनच उच्चारायचा असतो, त्या भाषेत वाढलेल्या प्रौढ माणसाने भर दुकानात, पाठीमागे सातआठ माणसे उभी असताना, ‘मला चार शू द्या’ असे खणखणीत आवाजात कसे म्हणावे? मी म्हणालो नाही. मी तर्जनीचा आधार घेतला आणि चॉकलेटचे लांबट एक्लेअर दाखवले.

काचेच्या कपाटापुढे बोट दाखवणे हा वाटतो तितका सोपा व्यवहार नाही. ग्राहक बाहेरून तिरके पाहतो, विक्रेती आतून वरून पाहते, आणि ग्राहकाचे बोट जिथे काचेला टेकते तिथून निघणारी रेषा तिच्या हिशेबात भलत्याच ताटलीवर उतरते. ‘हे?’ ‘नाही, त्याच्या शेजारचं.’ ‘हे?’ ‘नाही, माझ्या डावीकडचं.’ ‘म्हणजे माझ्या उजवीकडचं?’ या प्रश्नावर मी स्वतःचे दोन्ही हात पाहून घेतले आणि घाईघाईने ‘हो’ म्हणालो. मागून कोणीतरी सुस्कारा सोडला.

खोका बांधून होईपर्यंत मी एक मिलफय तिथेच खायला घेतला, कारण तो आधीच्या ग्राहकाने नाकारलेला असल्यामुळे नाव न घेताच मिळाला. त्याचा अर्थ हजार पाने. पिठात लोणी गुंडाळून तीन पदरी घडी सहा वेळा घातली की लोण्याचे ७२९ थर होतात. अशा तीन पट्ट्या एकावर एक म्हणजे २१८७. नाव ठेवणाऱ्याने विनयच दाखवला म्हणायचे. मी वरून काटा टोचला. वरची पट्टी हलली नाही, खालची हलली नाही, मधले क्रीम मात्र दोन्ही बाजूंनी शांतपणे बाहेर आले आणि उरलेले बशीच्या कडेवरून टेबलावर उतरले. आणखी जोर केला तेव्हा वरची पट्टी फुटली आणि निदान हजारएक थर माझ्या शर्टावर येऊन बसले. त्याला आडवे पाडून कापतात, हे पॅरिसच्या गृहस्थांनी मला सांगितले. मात्र माझे खाऊन होईपर्यंत ते थांबले होते.

घरी पाहुण्यांसमोर पत्नीने खोका उघडला. आत एक्लेअर नव्हते. चार गोल, फुगीर, साखर भुरभुरवलेले गोळे एकमेकांना टेकून बसले होते.

‘अहो, छान दिसतायत. काय म्हणतात यांना?’

पाहुणे माझ्याकडे पाहू लागले. मी घसा खाकरला, तोंड उघडले, मिटले, आणि अखेर नकळत माझी करंगळी वर गेली.

‘आधी जाऊन या,’ पत्नी म्हणाली, ‘नाव मग सांगा.’