वायफाय सोडून सगळं

विंडोजच्या जागी घालता येणारी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम फुकट असते, असं कोणी सांगितलं की त्याला आधी विचारावं, तुमच्या लॅपटॉपात वायफायचं कार्ड कुठल्या कंपनीचं आहे? तो सांगू शकला तर त्याने सोसलंय. नाही सांगू शकला तर त्याचं नशीब थोर.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि आमचा धडधाकट लॅपटॉप एका रात्रीत म्हातारा ठरला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसरही त्यांच्या यादीतला लागतो. आमचा यादीत नव्हता. पण सासूबाई रोज दुपारी त्यावर कीर्तन ऐकतात, त्यामुळे भंगारात घालायची सोय नाही. ऑफिसातल्या एका उत्साही सहकाऱ्याने लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करून हातात ठेवला. "ताई, अर्ध्या तासात होतं."

झालं की! तेच तर. अर्ध्या तासात झालं, आवाज आला, टचपॅड चालला, विंडोजपेक्षा चटचट चालू लागलं. फक्त वरच्या कोपऱ्यात वायफायची खूण नव्हती. बंद होती असं नाही, खूणच नव्हती. वायफाय नावाची गोष्ट आपण कधी ऐकलीच नाही, असा त्या लॅपटॉपचा चेहरा.

"चालू झाला का गं?" सासूबाई.

"झाला, आई. फक्त इंटरनेट नाही."

"म्हणजे कीर्तन नाही."

"नाही."

"मग चालू काय झालं?"

मोबाइलवर शोधलं. या विषयावरचा प्रत्येक उपाय 'टर्मिनल उघडा' इथून सुरू होतो, म्हणजे आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी. उघडलं. 'एलएसपीसीआय -एनएनके' अशी आज्ञा दिली की लॅपटॉप आपल्या पोटात काय काय आहे ते धडाधड सांगतो. प्रत्येक भागाचं नाव, पुढे चौकटी कंसात आकडे आणि खाली तो कुठल्या ड्रायव्हरवर, म्हणजे त्या भागाशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालतोय त्याची ओळ. ग्राफिक्सखाली ओळ होती. आवाजाखाली होती. वायफाय कार्डाखाली कोरी जागा. कार्ड दिसतंय, नाव कळतंय, पण त्याच्याशी बोलणारं कोणी नाही.

उपायही पुढे लिहिलेला होता: अमुक ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवून घ्या.

लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, हे आमच्या आजीचं पेटंट वाक्य. ते वायफाय ड्रायव्हरसाठी रचलं होतं हे मला आत्ता कळलं.

यात लिनक्सवाल्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. चिप बनवणारी कंपनी ती आतून कशी चालते ते सांगत नाही. मग कोणीतरी ती चाचपून, अंदाज बांधून ड्रायव्हर लिहितो, नाहीतर कंपनीच एक बंद डबा देते: वापरा, उघडून बघू नका. अशा बंद डब्यांना डेबियन या लिनक्सच्या एका जुन्या अवताराच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये कित्येक वर्षं मज्जाव होता. २०२२ मध्ये त्यांनी रीतसर मतदान घेतलं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून निदान फर्मवेअरला, म्हणजे चिपमध्ये भरायच्या सॉफ्टवेअरला, आत घेतलं. वायफाय चालावं की नाही यावर मतदान! आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून होतं तसंच असणार. आणि लिनक्सचा जनक खुद्द लिनस टोरवाल्ड्स, त्याने २५ ऑगस्ट १९९१ ला लिनक्सची पहिली वर्दी दिली तेव्हाच लिहून ठेवलंय की माझ्याकडे आहे त्या प्रकारच्या हार्डडिस्कखेरीज दुसरी यात बहुधा कधीच चालणार नाही. माणूस सरळ होता. आमच्या सहकाऱ्यासारखं अर्धा तास वगैरे बोलला नाही.

शेवटी मोबाइल केबलने जोडला आणि यूएसबी टेदरिंग सुरू केलं, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट केबलने लॅपटॉपला दिलं. ते बिनबोभाट चाललं! ड्रायव्हर उतरला. मग अनोळखी सॉफ्टवेअरला अडवणारा पहारेकरी, सिक्युअर बूट, आडवा आला: नवा ड्रायव्हर आपलाच आहे हे पटवायला एक पासवर्ड ठरवा, लॅपटॉप परत चालू करा, निळा पडदा येईल तिथे तो द्या. निळा पडदा जेमतेम दहा सेकंद थांबतो. मी चहाचं आधण ठेवून येईपर्यंत गेला. वायफाय नाही ते नाहीच, वर ती सगळी यातायात पहिल्यापासून. पुढच्या खेपेला गॅस बंद करून, मांडी ठोकून पडद्यासमोर बसले.

आणि खूण उगवली. शेजाऱ्यापाजाऱ्यांची सगळी वायफायं रांगेने दिसली. इतक्या प्रेमाने मी ती नावं कधी वाचली नव्हती.

आता राहिला बोटाचा ठसा घेणारा सेन्सर. त्याला ड्रायव्हर नाही, आणि कोणी लिहीत असेल अशी चिन्हंही नाहीत. सासूबाईंना पासवर्ड टाइप करायला लागणार म्हणून जरा चाचरतच सांगितलं, "आई, आता अंगठा चालणार नाही हं याला."

सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यात. चष्मा नाकावर सरकवून म्हणाल्या, "मला सही येते. आण इकडे."