'खरा अर्थ' सांगणाऱ्यांनो, जरा दमानं

आज फॅमिली ग्रुपवर भाच्याने रील टाकलं. ईगल्स बँडच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया' गाण्याचा खरा अर्थ! एक पोरगा डोळे वटारून सांगतोय की ते हॉटेल म्हणजे सैतानाच्या पंथाचं चर्च. वर भाच्याची पुरवणी, "मावशी, तुम्ही लोक इतकी वर्षं काय ऐकत होता गं?" डोकंच फिरलं. विरार फास्टमध्ये लटकत टाइप करतेय, शुद्धलेखन चालवून घ्या.

पहिलं म्हणजे, ती सैतानाची थाप आहे. अल्बमच्या कव्हरवरचा फोटो बेव्हर्ली हिल्स हॉटेलचा आहे. ते गाणारा डॉन हेन्ली तर वर्षानुवर्षं सांगतोय की हे निरागसपणाकडून अनुभवाकडे जाण्याचं गाणं आहे. पण खरं सांगू? मला हेन्लीचंही फार पडलेलं नाही.

कारण ते गाणं मला थोरल्या मामांनी समजावलं, १९८२च्या संपात. मामा लालबागला, साचे खात्यात. गिरणी बंद, दिवसभर गॅलरीत बसून सुपारी कातरायचे. दादाने कुठूनशी कॅसेट आणलेली. मामांचं इंग्रजी यथातथाच, म्हणून दादाने गोष्ट सांगितली: माणूस रात्री हॉटेलात शिरतो, शेवटी पळायला बघतो, तर रखवालदार म्हणतो, हिशोब कधीही चुकता कर बाबा, सुटका नाही. अडकित्ता थांबला. "म्हणजे आमची मिल," मामा म्हणाले आणि कॅसेट मागे घ्यायला लावली.

सांगा, कुठल्या रीलमध्ये आहे हा अर्थ?

बीटल्सवाल्या जॉन लेननला एका शाळकरी मुलाचं पत्र आलं, त्याच्याच जुन्या शाळेतून, की मास्तर वर्गात बीटल्सच्या गाण्यांचं रसग्रहण शिकवतात. गडी इतका खूश झाला की १९६७च्या 'आय अॅम द वॉलरस'मध्ये मुद्दाम अगम्य ओळी कोंबल्या. घ्या, लावा अर्थ! तरी लोकांनी लावलाच. लावणारच. आपल्याकडे नवनीतचं गाइड उघडल्याशिवाय कविता कळत नाही असं मानणारी जमात आहे, तीच आता रीलवर आलीय.

बरं, लग्नाच्या हॉलमध्ये 'एव्हरी ब्रेथ यू टेक' लावतात तेव्हा मलाही कसंसंच होतं, ते पाळत ठेवणाऱ्याचं गाणं आहे. तेवढं मान्य. पुढे.

मामांचा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही कधी. ते नंतर एका सोसायटीत वॉचमन झाले, तरी पहाटे पहिल्या पाळीच्या वेळेला आंघोळ उरकून, डबा धुऊन तयार. मामी वैतागायची. दादा हळूच शेवटच्या त्या दोन गिटारी तोंडाने वाजवायचा आणि मामा हसायचे. हेन्लीला लालबाग माहीत नव्हतं, ठीक आहे. गाण्याला माहीत होतं.

आणि आपणच कोण मोठे? ग्रेसच्या 'ती गेली तेव्हा'मधली ती आई की प्रेयसी, यावरून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मध्यरात्रीपर्यंत भांडलोय आपण. शेवटच्या गाड्या चुकवल्यात. तेव्हा कुणी खिशातून उत्तर काढून तोंडावर फेकलं असतं तर त्याला चहा पाजला असता का आपण?

बोरिवली आली, धक्काबुक्की सुरू. तुम्ही कुठल्या गाण्याचा काय अर्थ लावून बसला होतात ते खाली लिहा, कितीही येडा असू दे. 'अॅक्चुअली'ने सुरू होणारी कमेंट मात्र उडवली जाईल.